हद्दीबाहेरचं बेसबॉल : अमेरिकेतले स्वतंत्र संघ आणि त्यांच्या लीगची कहाणी

डावखुरा_फिरकी

अमेरिकन बेसबॉलवर इथे धागे निघतात ते बहुतेक ऑक्टोबरात, वर्ल्ड सिरीजच्या सुमारास. यांकीज, डॉजर्स, एखादा थरारक सातवा सामना, झालं. त्या झगमगाटापासून लांब, छोट्या गावांत आणि उपनगरांत खेळणाऱ्या स्वतंत्र संघांबद्दल मराठीत फारसं वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा. लांबला तर सांभाळून घ्या.

आधी एक घोळ मिटवू. 'मायनर लीग' या नावाखाली दोन वेगळ्या दुनिया नांदतात. एक संलग्न संघांची. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या, ३० संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए असे चार संघ असतात. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार वरच्या संघाचे. गावातला मालक मैदान, तिकिटं, हॉट डॉग आणि बिअर सांभाळतो. पिचर (चेंडू टाकणारा) फॉर्मात आला की त्याला वर बोलावतात, मग गावाचा अंतिम सामना उद्यावर का असेना. दुसरी दुनिया स्वतंत्र संघांची. खेळाडू त्यांनी शोधायचे, पगार त्यांनी द्यायचा, आणि जिंकायचं ते आपल्याच गावासाठी.

या लीग 'स्वप्न न सोडणाऱ्या खेळाडूंमुळे' उभ्या राहिल्या असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते मला अर्धवट वाटतं. अशी स्वप्नं बघणारे खेळाडू तर १९६५ मध्येही होते, तेव्हा कुठे निघाल्या लीग? त्या उभ्या राहिल्या नकाशामुळे. कुठल्या गावात कुणी संघ काढायचा आणि कुठे काढायचा नाही, हे ठरवणारा एक नकाशा होता. त्यात जी गावं वगळली गेली, तिथे स्वतंत्र बेसबॉल उगवलं.

तो नकाशा १९०१ चा. नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग या दोन मोठ्या लीगची (मेजर लीग ती यांचीच) खेळाडू पळवापळवी जोरात होती, त्यात छोट्या लीगचे लचके तुटत होते. म्हणून त्या वर्षी सप्टेंबरात शिकागोत छोट्या लीगवाल्यांनी 'नॅशनल असोसिएशन' स्थापन केली. एकमेकांचे करार पाळायचे, एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही असा निकाल दिला आणि या हद्दींना धक्का लावणं जवळजवळ अशक्य झालं.

त्यानंतर आला ब्रँच रिकी. सेंट लुइस कार्डिनल्सकडे पैसा कमी, डोकं जास्त. तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा छोटे संघच ताब्यात घ्या, पोरं तिथे घडवा, ही कल्पना त्याने अशी राबवली की १९४० च्या आसपास त्याच्या हाताखाली तिसाहून जास्त संघ होते. बाकीच्यांनी तेच उचललं. १९४९ हे मायनर लीगचं सोन्याचं वर्ष: ५९ लीग, सुमारे ४ कोटी प्रेक्षक. मग टीव्हीवर मेजर लीग दिसायला लागली, घराघरांत एसी आला, आणि साठच्या दशकात प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या आसपास घसरली. जे संघ वाचले ते मेजर लीगच्या पैशावर, आणि जो पगार देतो त्याचंच ऐकावं लागतं.

मधल्या काळातला एक अपवाद सांगायलाच हवा. १९७२ नंतर पोर्टलंडमधून (ओरेगन) बीव्हर्स हा ट्रिपल-ए संघ निघून गेला. तिथे बिंग रसेल नावाचा नट आला. टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध वेस्टर्न मालिकेत डेप्युटी शेरिफचं काम करणारा, आणि कर्ट रसेलचा बाप. त्याने १९७३ मध्ये पोर्टलंड मॅव्हरिक्स काढला, कुणाशीही संलग्न नसलेला. लीग मात्र नॅशनल असोसिएशनचीच, नॉर्थवेस्ट लीग. खुली निवड चाचणी घेतली आणि इतरांनी काढून टाकलेले लोक गोळा केले. पोरगा कर्टसुद्धा खेळला. यांकीजचा माजी पिचर जिम बाउटन इथे येऊन पुन्हा खेळू लागला. तंबाखू चघळण्याऐवजी पाकिटातलं तुकडे केलेलं च्युइंगम ही कल्पनाही याच संघाच्या बुलपेनमध्ये (राखीव पिचर बसतात तिथे) निघाली, आणि 'बिग लीग च्यू' या नावाने पुढे तुफान चालली.

शेवट बघा. १९७७ मध्ये मॅव्हरिक्सकडे इतकी गर्दी लोटली की ज्यांना पोर्टलंड नकोसं झालं होतं त्या पॅसिफिक कोस्ट लीगला (बीव्हर्सची ट्रिपल-ए लीग) ते परत हवंसं वाटलं. नियमाप्रमाणे वरच्या श्रेणीची लीग खालच्या संघाची हद्द पैसे देऊन घेऊ शकत होती. रसेलने अडून बसून लवादाकडून २ लाख ६ हजार डॉलर मिळवले, तेव्हाच्या मानाने अफाट. पण संघ संपला. म्हणजे हद्द पिकवायची तुम्ही, आणि पीक आलं की मूळ मालक दारात हजर.

आता १९९३. माइल्स वुल्फ हा या गोष्टीचा नायक, निदान माझ्यापुरता. त्याने डरहॅम बुल्स हा संघ अडीच हजार डॉलरच्या आसपास घेतला होता आणि नव्वदीच्या सुरुवातीला काही दशलक्षाला विकला. 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाचा तो मालक, त्यामुळे कुठल्या गावात काय शिजतंय हे त्याला कळायचं. १९९० च्या नव्या करारात मेजर लीगने मायनर संघांवर मैदानांच्या दर्जाचे कडक निकष लादले. ड्रेसिंग रूम इतकी मोठी, दिवे इतक्या प्रकाशाचे. जुनी पण चांगली मैदानं रातोरात 'नालायक' ठरली. वुल्फने बरोबर हीच मैदानं हेरली आणि नॉर्दर्न लीग काढली. सेंट पॉल, डुलूथ-सुपीरियर, रॉचेस्टर, सू सिटी, सू फॉल्स आणि कॅनडातलं थंडर बे, असे सहा संघ. त्याच उन्हाळ्यात ओहायो-केंटकी-वेस्ट व्हर्जिनियाच्या पट्ट्यात फ्रंटियर लीग सुरू झाली. आठ संघांपैकी दोन पहिल्याच हंगामात बुडाले, पण ती लीग आजही चालू आहे.

सेंट पॉल सेंट्सबद्दल लिहायला स्वतंत्र धागा लागेल. मिनेसोटा ट्विन्सचं मैदान नदीपलीकडे मिनियापोलिसला, म्हणजे संलग्न संघाला तिथे पाऊल ठेवायची बंदी. सेंट्स लीगच्या नकाशाबाहेरचे, त्यांना कोण अडवणार? मालकांत नट बिल मरे आणि माइक वीक. माइकचा बाप बिल वीक म्हणजे ज्याने १९५१ मध्ये साडेतीन फुटी एडी गेडेलला बॅटिंगला उतरवलं तो. खुद्द माइक १९७९ च्या शिकागोतल्या 'डिस्को डिमॉलिशन' रात्रीचा सूत्रधार. डिस्कोच्या रेकॉर्डी मैदानात स्फोट करून उडवल्या, प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द झाला. त्यानंतर कित्येक वर्षं त्याला बेसबॉलमध्ये कुणी काम देईना. सेंट पॉलला त्याला मोकळं रान मिळालं. अंपायरला चेंडू आणून द्यायला डुकराचं पिल्लू, स्टँडमध्ये बसल्याबसल्या केस कापून मिळणार, मालिश करायला एक नन! मैदानामागून मालगाडी जायची ती वेगळीच. पहिल्याच वर्षी सेंट्स विजेते ठरले.

पुढचं प्रतिसादांतून लिहितो.

---

ओसरीवर

जबरी! डुकराच्या पिल्लाचा फोटो असता तर अजून मजा आली असती. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

गल्ली_ते_दिल्ली

धागा आवडला. एक बेसिक शंका. खेळाडू स्वतंत्र संघात येतो कशाला? पगार बरा असतो का? आणि तिथून वर जाता येतं की शिक्का बसतो?

---

डावखुरा_फिरकी

पगार अजिबात बरा नसतो. लीगप्रमाणे फरक आहे, पण बऱ्याच जणांना महिन्याला हजार-दोन हजार डॉलर, तेही फक्त हंगामाचे. राहायला गावातली कुटुंबं घरातली खोली देतात. हिवाळ्यात कुणी शाळेत शिकवतो, कुणी गोदामात काम करतो.

येतात ते तीन प्रकारचे. ड्राफ्टमध्ये (मेजर लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात ती फेरी) कुणी न निवडलेले, संलग्न संघाने सोडलेले, आणि उतारवयातले ज्यांना अजून एकदा वर जायचंय. मात्र संघाला हवे तेवढे अनुभवी लोक घेता येत नाहीत, काही जागा नवख्यांसाठी राखीव असतात. फ्रंटियर लीगमध्ये तर बरीच वर्षं वयाचीच अट होती, सत्ताविशीपर्यंतचेच खेळाडू.

शिक्का बसत नाही. मेजर लीगचा संघ स्वतंत्र संघाला थोडी रक्कम देऊन करार विकत घेतो, खेळाडू दुसऱ्या दिवशी विमानात.

---

रानजाई

विमानात बसलेल्यांपैकी माझा सगळ्यात लाडका डॅनियल नाव्हा. (आडनाव आहे, आपलं 'न्हावा' नाही.) सँटा क्लारा विद्यापीठाच्या संघात निवड झाली नाही, तर हा पठ्ठ्या त्याच संघाचे कपडे धुवायला, सामान सांभाळायला राहिला. ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नाही. चिको आउटलॉज या स्वतंत्र संघाने पहिल्या चाचणीत काढून टाकला आणि नंतर परत बोलावला. तिथे त्याने इतक्या धावा काढल्या की मेजर लीगच्या रेड सॉक्सने त्याचा करार घेतला. किंमत १ डॉलर. टिकला तर पुढे अजून काही, अशी बोली.

१२ जून २०१० रोजी फिलीज विरुद्ध तो पहिल्यांदा मेजर लीगमध्ये बॅटिंगला आला. बेस भरलेले. पहिलाच चेंडू, आणि ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा! १ डॉलरचा माणूस २०१३ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात होता.

---

शिळोप्याचा_कट्टा

रानजाई, मस्त. त्यात रिच हिलची भर घाला. २०१५ मध्ये पस्तिशीचा, सगळ्यांनी सोडलेला डावखुरा पिचर. लाँग आयलंड डक्स या स्वतंत्र संघाकडून दोनच सामन्यांत सुरुवातीला उतरला, रेड सॉक्सने उचलला, आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी डॉजर्सनी त्याला तीन वर्षांचे ४ कोटी ८० लाख डॉलर दिले. फार्गो-मूरहेड रेडहॉक्स या स्वतंत्र संघाचा कॅचर क्रिस कोस्ट मेजर लीगमध्ये पोचला तेव्हा ३३ वर्षांचा होता. दोन वर्षांनी फिलीजबरोबर वर्ल्ड सिरीज. डेव्हिड पेराल्टाला कार्डिनल्सनी पिचर म्हणून काढला. त्याने मॅकडॉनल्ड्समध्ये काम केलं, टेक्सास-कॅन्ससच्या स्वतंत्र संघांत आउटफिल्डर म्हणून नव्याने सुरुवात केली आणि पुढे ॲरिझोनाकडून खेळताना गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा मान) मिळवला.

आणि उलटी तऱ्हाही आहे. जे. डी. ड्रू १९९७ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा निवडला गेला, फिलीजचे पैसे कमी वाटले म्हणून सही केली नाही, सेंट पॉलला जाऊन खेळला आणि पुढच्या वर्षी कार्डिनल्सकडे गेला. मॅक्स शर्झरनेही २००७ मध्ये ॲरिझोनाशी घासाघीस चालू असताना फोर्ट वर्थ कॅट्सकडून हात गरम ठेवला. म्हणजे स्वतंत्र लीग ही गरिबांची शेवटची पायरी आणि श्रीमंत एजंटांची पहिली चाल, दोन्ही.

---

खडू_फळा

मी जरा पाणी ओतते. नाव्हा, हिल, पेराल्टा ही नावं पुन्हा पुन्हा येतात कारण अशी नावं थोडी आहेत. एका हंगामात या लीगमधून शेकडो तरुण महिन्याच्या त्या चणे-फुटाण्यांवर बसमधून फिरतात. यातल्या बहुतेकांचं पुढे काही होत नाही, हे मालकालाही माहीत असतं. संलग्न मायनरमधल्या खेळाडूंनी २०२२ मध्ये युनियन केली आणि २०२३ पासून सगळ्यात खालच्या पूर्ण हंगामी श्रेणीतही वर्षाला किमान २६,२०० डॉलर मिळू लागले. स्वतंत्र लीगमधल्यांना कोण वाली? 'स्वप्नांची लीग' म्हणून तिकिटं विकायची आणि स्वप्न बघणाऱ्याला बसभाडं द्यायचं, हा धंदा आहे.

---

डावखुरा_फिरकी

खडू_फळा, धंदा आहे हे शंभर टक्के मान्य. पण मालकही काही गबर नसतात. या लीगच्या इतिहासात बुडालेल्या संघांची यादी जिवंत संघांपेक्षा लांब आहे. अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगमध्ये तर अनेक हंगाम एक संघ असा होता ज्याला घरचं मैदानच नव्हतं. सम संख्या जुळावी म्हणून ठेवलेला, नाव 'रोड वॉरियर्स'. सगळा हंगाम परगावी. त्या पोरांचा विचार करा.

---

खडू_फळा

तेच तर म्हणतेय!

---

साखरजमीन_टेक्सास

आमच्या शुगर लँडचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहिते. इथे २०१२ मध्ये स्कीटर्स आले, अटलांटिक लीगमध्ये. बाकी सगळे संघ ईशान्येकडे आणि आमचा एकटाच टेक्सासात, त्यामुळे समोरचा संघ विमानाने यायचा. पहिल्याच वर्षी पन्नाशीचा रॉजर क्लेमेन्स पिचिंगला उतरला. २०१४ मध्ये बास्केटबॉलवाला ट्रेसी मॅकग्रेडी पिचर म्हणून! घरात कुणाला बेसबॉल कळत नसताना आम्ही जायचो, कारण मुलांना मैदानाशेजारी पळायला मिळायचं आणि पार्किंग सोपं. इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांची बेसबॉलशी पहिली ओळख इथेच झाली असेल.

आता तो संघ ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए आहे, नाव स्पेस काउबॉइज. खेळ जास्त चांगला आहे म्हणे. पण आवडता खेळाडू ह्यूस्टनला उचलून नेतात, मुलगा वैतागतो.

---

बाराखडी

जाता जाता, एक गंमत लक्षात आली. शुगर लँड, शिकागोजवळचं शॉमबर्ग, न्यू जर्सीतलं ब्रिजवॉटर. तिन्ही ठिकाणी स्वतंत्र संघ होते किंवा आहेत आणि तिन्ही ठिकाणी आपली मंडळी खच्चून. ब्रिजवॉटर आपल्याला बालाजी मंदिरामुळे माहीत, पण स्टेशनलगतचं ते स्टेडियम सॉमरसेट पेट्रियट्सचं, आधी १९९८ पासूनच्या अटलांटिक लीगमधला संघ. सुरुवातीला बरीच वर्षं मॅनेजर कोण, तर यांकीजचा जुना पिचर स्पार्की लाइल.

---

डावखुरा_फिरकी

बाराखडी, योगायोग म्हणाल तर नाही. मोठ्या शहराभोवतीची नवी, पैसेवाली उपनगरं म्हणजे मेजर लीगच्या हद्दीतली जागा. संलग्न संघाला तिथे परवानगी मिळणं कठीण. पण माणसं आणि पैसा तिथेच. आयटीवालेही त्याच उपनगरांत गेले आणि स्वतंत्र संघही.

अटलांटिक लीगचा जन्मच असा आहे. फ्रँक बोल्टनला लाँग आयलंडवर संलग्न संघ न्यायचा होता. ती न्यूयॉर्कच्या मेट्सची हद्द, त्यांनी सोडली नाही. मग त्याने स्वतःची लीगच काढली, आणि २००० मध्ये लाँग आयलंड डक्स उभा केला. जिथे नाही म्हणाले तिथेच. रिकी हेंडरसनसारखा चोऱ्यांचा बादशहा (बेस-चोऱ्यांचा, गैरसमज नको) २००३ मध्ये याच लीगच्या न्यूअर्क बेअर्समध्ये खेळत होता, तिथून डॉजर्सनी बोलावला.

---

मिड_विकेट

म्हणजे आपल्याकडची आयसीएल (इंडियन क्रिकेट लीग)! २००७ मध्ये झी वाल्यांनी काढली, कपिल देव प्रमुख, मुंबई चॅम्प्सकडे ब्रायन लारा. बीसीसीआयने खेळाडूंवर बंदी घातली, मैदानं नाकारली, काही महिन्यांत आयपीएल जाहीर केली. २००९ ला खेळ खल्लास. मग माफी मागून लोक परतले, अंबाती रायुडू त्यातलाच.

प्रश्न असा की अमेरिकेत मेजर लीगने बंदी का नाही घातली? त्यांच्याकडे तर कायद्याचं संरक्षणही होतं.

---

डावखुरा_फिरकी

मिड_विकेट, भारी प्रश्न. माझ्या मते तीन गोष्टी.

आयसीएल त्याच खेळाडूंवर आणि त्याच टीव्हीवर हक्क सांगत होती, समोरासमोर टक्कर. वुल्फने मेजर लीगचा एकही करारबद्ध खेळाडू पळवला नाही. टाकून दिलेलेच उचलले. दुसरं, आपल्याकडे बहुतेक मोठी मैदानं क्रिकेट संघटनांच्या ताब्यात. अमेरिकेत ती बहुधा नगरपालिकेची किंवा काउंटीची, आणि रिकामं मैदान भाड्याने जात असेल तर महापौर कशाला नाही म्हणेल? विनिपेग गोल्डआइजचा मालक सॅम कॅट्झ तर पुढे स्वतःच महापौर झाला. तिसरं, फुकटात खेळाडू घडवून मिळत असतील तर कोण बंदी घालेल? १ डॉलरात नाव्हा मिळतो की.

---

उंबरठा

'नकाशातून वगळलेले' या मुद्द्यावर एक गोष्ट राहतेय. गावांच्या आधी माणसं वगळली होती. नॅशनल असोसिएशनच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना कित्येक दशकं दार बंद होतं. रूब फॉस्टरने १९२० मध्ये निग्रो नॅशनल लीग काढली ती हौस म्हणून नव्हे. तेही 'संघटित बेसबॉल'च्या बाहेरचं बेसबॉलच, पण त्या बाहेर असण्यात निवड नव्हती. १८ एप्रिल १९४६ रोजी जॅकी रॉबिन्सन माँट्रियल रॉयल्सकडून पहिला सामना खेळला तो जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियममध्ये, म्हणजे रंगाची भिंत आधी मायनर लीगमध्ये पडली, मेजरमध्ये पुढच्या वर्षी.

न्यू जर्सीकरांनी पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियम बघून यावं. १९३२ चं, न्यूयॉर्क ब्लॅक यांकीज तिथे खेळायचे. लॅरी डोबी पॅटरसनचाच, या मैदानावर घडलेला. रॉबिन्सननंतर काही आठवड्यांत अमेरिकन लीगमध्ये आलेला पहिला कृष्णवर्णीय. मैदान वर्षानुवर्षं पडीक होतं, गवत माजलेलं. २०२३ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं, आणि तिथे खेळायला कोण आलं? फ्रंटियर लीगचा न्यू जर्सी जॅकल्स.

---

रानजाई

उंबरठा, फार छान प्रतिसाद.

बायकांचंही तसंच. आयला बॉर्डर्स, डावखुरी पिचर, १९९७ मध्ये सेंट पॉल सेंट्सकडून उतरली. लोक म्हणाले वीकचा अजून एक तमाशा. तिला डुलूथला पाठवलं, तिथे १९९८ च्या जुलैमध्ये तिने सुरुवातीची पिचर म्हणून सामना जिंकला, सू फॉल्सविरुद्ध. पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये असं आधुनिक काळात कुणा बाईने केलं नव्हतं. नंतर ती अग्निशमन दलात गेली. अलीकडे केल्सी व्हिटमोर, २०२२ मध्ये स्टेटन आयलंड, २०२४ मध्ये ओकलंड बॉलर्स. हे सगळे संघ स्वतंत्र. संलग्न संघाने अशी संधी देण्याआधी शंभर समित्या बसवल्या असत्या.

---

खडू_फळा

तमाशा होताच थोडा. मेजर लीगचा जुना खेळाडू मिनी मिनोसोला सेंट्सने १९९३ मध्ये साठी उलटल्यावर आणि २००३ मध्ये पुन्हा बॅटिंगला उतरवलं, 'सात दशकांत खेळलेला' म्हणून. पण बॉर्डर्स जिंकली हे खरं, तिथे माझा विरोध संपतो.

---

यॉर्कर_किंग

नियमांची प्रयोगशाळा हा भाग कुणीतरी लिहा की राव! मीच लिहितो.

२०१९ मध्ये मेजर लीगने अटलांटिक लीगशी करार केला: तुमच्याकडे आमचे नियम तपासून बघू. त्या जुलैत यॉर्कला (पेनसिल्व्हेनिया) ऑल-स्टार सामन्यात रडारने ठरवलेले स्ट्राइक (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेलेले चेंडू) अंपायरच्या कानातल्या फोनवर ऐकू येऊ लागले. लगेच काही दिवसांत फ्रँक व्हायोला, १९८८ चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा मान) विजेता आणि तेव्हा हाय पॉइंट रॉकर्सचा पिचिंग कोच, त्या यंत्राच्या निर्णयावरून भांडला म्हणून हाकलला गेला. यंत्राशी भांडून बाहेर, वा! बॅटरला पहिला बेस 'चोरायची' मुभा दिली होती, सदर्न मेरीलंड ब्लू क्रॅब्जच्या टोनी थॉमसने ती पहिल्यांदा वापरली. २०२१ मध्ये पिचरची जागा एक फूट मागे, ६१ फूट ६ इंचांवर नेली. पिचर खवळले, आणि ते प्रकरण तिथेच मिटलं.

पण मोठे १८ इंची बेस आणि फील्डरांच्या शिफ्टवरची (एकाच बाजूला गोळा होण्यावरची) बंधनं २०२३ मध्ये थेट मेजर लीगमध्ये आली. (पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायची वेळमर्यादा, मुख्यतः संलग्न मायनरमध्ये तपासलं गेलं.) यंत्राकडे दाद मागायची पद्धत २०२६ पासून वर लागू. पायोनियर लीगवाल्यांनी तर बरोबरी झाली की जादा इनिंग्जच रद्द केल्या, होमरन मारायची स्पर्धा लावून निकाल. शुद्धतावाद्यांनी डोळे मिटून घ्यावेत.

---

गल्ली_ते_दिल्ली

मग या 'स्वतंत्र' लीग स्वतंत्र राहिल्या कुठे? मेजर लीगचे नियम, मेजर लीगचा करार...

---

डावखुरा_फिरकी

इथे धाग्याचा दुसरा अर्धा भाग येतो.

नॉर्दर्न लीगमध्ये २००५ च्या सुमारास फूट पडली. सेंट पॉल, सू फॉल्स, सू सिटी, लिंकन बाहेर पडले आणि वुल्फनेच अमेरिकन असोसिएशन काढली. २०१० नंतर विनिपेग, फार्गो, गॅरी, कॅन्सस सिटीही तिकडे गेले, आणि जिच्यापासून सगळं सुरू झालं ती नॉर्दर्न लीग बंद पडली. कॅन-ॲम ही आणखी एक स्वतंत्र लीग २०२० च्या हंगामाआधी फ्रंटियरमध्ये विलीन झाली. त्यामुळे आज ओहायोत जन्मलेल्या लीगमध्ये क्युबेकचे फ्रेंच बोलणारे संघ खेळतात, आणि क्युबेक कॅपिटाल्सनी २०२२, २०२३, २०२४ असं लागोपाठ विजेतेपद नेलं.

खरा भूकंप २०२० च्या शेवटी. नॅशनल असोसिएशनबरोबरचा करार संपला तो मेजर लीगने वाढवलाच नाही. सगळी मायनर व्यवस्था स्वतःच्या ताब्यात घेतली आणि संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले. चाळीसेक गावांना एका पत्राने कळलं की आता तुम्ही आमचे नाही. पायोनियर लीग, मोंटाना-आयडाहो-युटाहची, अख्खीच्या अख्खी बाहेर. त्यांना 'पार्टनर लीग' नावाची पाटी मिळाली. अटलांटिक, अमेरिकन असोसिएशन आणि फ्रंटियर यांच्यासोबत चौथी.

आणि त्याच वेळी आत कुणाला घेतलं? सेंट पॉल सेंट्स झाले ट्विन्सचे ट्रिपल-ए. सॉमरसेट पेट्रियट्स झाले यांकीजचे डबल-ए, त्यासाठी ट्रेंटनला, आधीच्या डबल-ए गावाला, सोडलं. स्कीटर्स ॲस्ट्रोजकडे. ज्या तीन ठिकाणी संलग्न संघाला जागा नव्हती म्हणून स्वतंत्र संघ फुलले, नेमक्या त्याच जागा उचलल्या. हद्दीचा हक्क ज्याचा, परवानगी त्याची. ट्विन्सना स्वतःचाच संघ स्वतःच्या हद्दीत आणायला कोण अडवणार? पोर्टलंडमध्ये १९७८ ला जे झालं ते ४३ वर्षांनी तीन गावांत झालं, फक्त या वेळी मालक खुशीत होते.

---

साखरजमीन_टेक्सास

मालक खुशीत होते, मैदान छान झालं, खेळ वरच्या दर्जाचा झाला. मग तक्रार नेमकी कुणाची? आमच्या मुलाची सोडून.

---

डावखुरा_फिरकी

तक्रार ट्रेंटनची, आणि त्या चाळीस गावांची. सेंट पॉलच्या प्रेक्षकाची नाही, तो आजही डुकराचं पिल्लू बघायला जातो. पण १९९३ मध्ये सेंट्स अंतिम सामना जिंकायला सगळी ताकद लावायचे. आता कुठला खेळाडू कुठे खेळणार हे ट्विन्स ठरवतात.

---

शिळोप्याचा_कट्टा

दुसरी बाजूही आहे. ओकलंड बघा. मेजर लीगचा ए'ज संघ २०२४ नंतर शहर सोडून गेला. त्याआधीच तिथल्या दोघा बेसबॉलवेड्यांनी पायोनियर लीगमध्ये ओकलंड बॉलर्स काढला, वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये स्टँड उभारले, चाहत्यांना छोटे छोटे भाग विकून पैसा उभा केला. २०२५ मध्ये लीगही जिंकली. मेजर लीगने वगळलेलं गाव, आणि तिथे लगेच स्वतंत्र संघ. तुमचाच सिद्धांत, फक्त यावेळी गाव चांगलं चार लाख वस्तीचं.

---

ओसरीवर

आम्ही जूनमध्ये मुलीकडे नेपरविलला जातोय. क्रिकेट कळतं, बेसबॉलचा गंध नाही. कुठे जावं?

---

बाराखडी

ओसरीवर, दोन पर्याय जवळ. शॉमबर्ग बूमर्स आणि जोलिएट स्लॅमर्स, दोन्ही फ्रंटियर लीगचे. जोलिएटच्या मालकांत आता बिल मरे आहे, म्हणजे सेंट पॉलचा तोच. हंगाम मे ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. शुक्रवार-शनिवार बघा, बहुतेक ठिकाणी सामन्यानंतर फटाके असतात. तिकीट मेजर लीगच्या मानाने फारच स्वस्त, पहिल्या रांगांतही परवडतं. टोपी न्या, संध्याकाळचं ऊन बरंच वेळ डोळ्यावर येतं. आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलात तर चेंडूवर लक्ष ठेवा, फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) थेट अंगावर येतात.

---

ओसरीवर

धन्यवाद! जोलिएट ठरलं. बिल मरे दिसला तर कळवतो.